उंची मोजू नकोस, भार मोज

पोरी,

सातवी-आठवीचं विज्ञान तुझ्याकडे आलं आणि येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मुलांकडून मनोरे बांधून घ्यायचं तू मनावर घेतलंस, हे कळलं. उपक्रम चांगला आहे, पण तो घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत थर्माकोलचा आयफेल टॉवर तयार होतो, त्याला चंदेरी कागद लागतो, आत दिव्यांची माळ बसते आणि बहुतेक वेळा तो मुलाच्या बापानं रात्री जागून केलेला असतो. साहेब येतात, फोटो निघतो, मार्च उजाडला की टॉवर कपाटावर धूळ खातो. दुसऱ्या तऱ्हेत मनोरे वेडेवाकडे होतात, निम्मे मोडतात, वर्गभर काड्यांचा कचरा होतो आणि आठवीतलं पोरगं घरी जाऊन गोठ्याच्या मेढीला तिरपा टेकू का द्यायचा हे बापाला समजावून सांगतं. तुला ही दुसरी तऱ्हा साधावी म्हणून लिहितोय. जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळी नोकरी गेली, तेवढ्यात हाताला लागलेल्या गोष्टी आहेत. पटतील त्या घे.

बक्षीस उंचीला ठेवू नकोस

सगळ्यात आधी हे ठरव. ‘सर्वांत उंच मनोरा कुणाचा’ अशी स्पर्धा लावलीस की मुलं काडीवर काडी चढवत जातात. ज्याला सेलोटेप जास्त मिळाली तो जिंकतो. त्यात विज्ञान कुठंच नसतं.

प्रश्न बदल. उंची सगळ्यांना सारखीच बांधून दे, म्हणजे ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरली की तेवढी. मग विचार, ‘स्वतःच्या वजनाच्या किती पट भार कुणाचा मनोरा पेलतो?’ एका गटाचा मनोरा ४० ग्रॅमचा आहे आणि त्यानं २ किलो पेलले, तर त्याचे गुण ५०. दुसऱ्याचा १०० ग्रॅमचा आहे आणि त्यानं ३ किलो पेलले, तर गुण ३०. दुसऱ्यानं जास्त भार उचलला तरी तो हरला. का हरला यावर वर्गात भांडण होईल. होऊ दे, त्या भांडणातच तुझा निम्मा धडा होऊन जातो.

हा हिशेब मुलांच्या डोक्यात बसला की त्यांना आयफेलचा खरा मनोरा सांग. पॅरिसमध्ये १८८९ साली उभा राहिला, आज उंची ३३० मीटर, आणि त्यात लोखंड सुमारे ७,३०० टन. ऐकायला अबब वाटतं. पण तोच मनोरा ११०० पटीनं लहान करून ३० सेंटिमीटरचा केला, तर त्याचं वजन भरेल जेमतेम साडेपाच ग्रॅम, पाच रुपयांच्या नाण्याहूनही कमी. फळ्यावर हे गणित मुलांकडूनच करून घे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ११०० पटीनं घटतात, म्हणून वजनाला ११०० नं तीनदा भागायचं. आपला काड्यांचा मनोरा त्याच्या कितीतरी पट जड आहे हे कळलं की एकेक जण आपल्या मनोऱ्यातली फुकटची काडी शोधायला लागतो.

सामान शिवारातलं घे

दुकानातून किट आणू नकोस. आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन आणि हळदीनं ज्वारीची जागा बरीच खाल्ली, तरी रब्बीची ज्वारी अजून निघते आणि कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यापुढे कडब्याची गंजी असतेच. तुरीची कापणीही तोवर उरकलेली असते, त्यामुळे तुराट्या हव्या तेवढ्या मिळतील. पऱ्हाटी मात्र टाळ. ती वाकडी असते आणि फाटते.

ज्वारीचं धाट हे या कामाला सर्वांत नामी. वरच्या सालीच्या लांब चोया निघतात, त्या ताणाला चिवट असतात. आतलं भेंड मऊ आणि हलकं, त्यात चोयीचं टोक खोचलं की सांधा तयार. आमच्या पिढीनं याच्याच खेळण्यातल्या बैलगाड्या केल्या. धाटं फार कडक वाळलेली असतील तर आदल्या रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, साल सलग निघते. चोयीची धार बोट कापते, तेव्हा सोलायचं काम बाकावर ठेवून, अंगापासून दूर करायला लाव. टाचणीऐवजी बाभळीचा काटा चालतो, पण काटे मोजून दे आणि मोजून परत घे. एक जरी फरशीवर राहिला तरी दुसऱ्या दिवशी परिपाठात कुणाच्या तरी पायात सापडतो.

धाटं नसतील तर जुनं वर्तमानपत्र आहे. खराट्याची काडी कागदाच्या कोपऱ्यावर तिरपी ठेवायची, घट्ट गुंडाळत जायचं, शेवटच्या कोपऱ्याला कणकेची खळ लावायची आणि काडी ओढून घ्यायची. सैल सुरळी कामाची नाही. ती दाबली की चपटते आणि चपटली की संपली. सुरळ्या एक दिवस उन्हात वाळव. पावसाळ्यात हा उपक्रम घेऊ नकोस, दमट हवेत कागद मऊ पडतो आणि मुलांना वाटतं आपली रचनाच चुकली.

तिसरा पर्याय भिजवलेल्या हरभऱ्याचा. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यात बारीक काडी सहज शिरते आणि दोन दिवसांनी हरभरा वाळला की काडीला असा आवळतो की ओढून निघत नाही. डिंक नको, टेप नको. मात्र टरारून फुगलेला दाणा चिरतो, तेव्हा पाण्यातून काढल्यावर तासभर फडक्यावर पसर.

पहिल्या तासाला मनोरा नको, चौकोन दे

मुलं लगेच बांधायला धावतात. थांबव. पहिली तासिका फक्त चौकोन आणि त्रिकोणाची.

ही युक्ती माझी नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथं गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी निवडली. नळीचा तुकडा सांधा आणि काडी दांडी, एवढ्यात भूमिती आणि बांधकाम दोन्ही आलं. पुढं पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचं हे काम वर्षानुवर्षं केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत, शाळेच्या कपाटात असतील तर शोध.

करायचं इतकंच. प्रत्येक मुलाला चार काड्यांचा चौकोन आणि तीन काड्यांचा त्रिकोण करायला सांग. काड्यांचा गुल आधी खरवडून टाक. मग म्हण, ‘दोन बोटांनी दाबा.’ चौकोन लगेच लोळतो, पतंग होतो. त्रिकोण हलत नाही. आता चौकोनाला एक कर्ण घालायला सांग. लोळणं बंद. याला शब्द देण्याची घाई करू नकोस. आधी विचार, ‘चौकोन लोळला तेव्हा कुठल्या काडीची लांबी बदलली?’ कुठल्याच नाही. ‘मग त्रिकोण लोळायचा असेल तर?’ एखादी काडी तोडावीच लागेल. हे पोरांच्या तोंडून आलं की पुढचं सगळं सोपं.

वर्गात एखादं तल्लख पोर असतंच, त्याच्यासाठी एक गणित खिशात ठेव. सपाट चौकट लोळू नये म्हणून कमीत कमी काड्या किती? सांध्यांची दुप्पट करून त्यातून ३ वजा कर. चौकोनाचे सांधे ४, म्हणून काड्या ५. घनाकृती असेल तर सांध्यांची तिप्पट वजा ६. घनाला सांधे ८, म्हणजे काड्या १८. कडा १२ आणि सहा बाजूंना एकेक कर्ण, बरोबर १८. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८६४ साली हा नियम मांडला. फाजील काड्या कुठं आहेत हे शोधायला तो फार कामी येतो. काड्या पुरेशा असूनही भलत्या जागी लावल्या तर चौकट लोळतेच, तेही त्या पोराला शोधू दे.

काटा नसला तरी वजन होतं

शाळेत ग्रॅमचा काटा असेलच असं नाही. पोषण आहाराच्या तांदळाचा काटा इतकं बारीक दाखवत नाही. पट्टीच्या मधोमध भोक पाडून दोरा बांध, दोन टोकांना दोन सारख्या द्रोणी अडकव, तराजू झाला. एका द्रोणीत मनोरा, दुसऱ्या द्रोणीत पाणी. पाणी मोजायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण आण. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. यातून घनतेचा धडा आपोआप होतो आणि मुलं ग्रॅम हाताळायला शिकतात.

भारही पाण्याचाच ठेव. मनोऱ्यावर पुस्तकं रचत गेलीस तर शेवटचं पुस्तक कसं ठेवलं यावरच निकाल लागतो. त्यापेक्षा मनोऱ्याच्या माथ्यावर पुठ्ठ्याची चकती ठेव, चकतीला दोऱ्यानं प्लास्टिकची बाटली टांग आणि ती मनोऱ्याच्या पोटातून खाली लोंबू दे. मनोरा दोन बाकांच्या मधल्या फटीवर उभा केलास की बाटलीला जागा मिळते. नरसाळ्यानं सावकाश पाणी ओत. एका मुलानं ओतायचं, एकानं मोजायचं, बाकीच्यांनी डोळे सांध्यांवर ठेवायचे. मोडण्याच्या आधी मनोरा कुरकुरतो. तो आवाज आला की हात थांबव आणि विचार, ‘कुठून आला?’

मोडला की काड्या उचलू देऊ नकोस

मनोरा कोसळला की मुलं ओरडतात आणि लगेच झाडायला घेतात. तिथंच अडव. निदान पाच मिनिटं सगळं पडलं तसं राहू दे. मोडण्याच्या मुख्य तऱ्हा तीन आहेत आणि कुठली घडली हे पडलेल्या काड्यांवरून वाचता येतं.

पहिली, सांधा सुटला. काड्या धड आहेत, पण भेंडातून निसटल्या आहेत. बहुतेक मनोरे असेच जातात. इलाज जाड काडी घालण्याचा नाही. सांध्यापाशी सगळ्या काड्यांच्या रेषा एकाच बिंदूत आल्या पाहिजेत. एक काडी बोटभर बाजूला लागली की सांधा पिरगळतो.

दुसरी, काडी लचकली. मधोमध धनुष्य होऊन मोडली. इथं एक प्रयोग करून घे. खराट्याची एक लांब काडी कुणाकडून तरी आणलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभी धर आणि वरून बोटानं दाब. काडी वाकायला लागली त्या क्षणी काटा किती दाखवतो ते वाच. मग तीच काडी निम्मी करून पुन्हा दाब. आकडा दुप्पट येईल असं मुलांना वाटतं, पण तो जवळजवळ चौपट येतो. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकात सांगितलेला हा नियम आहे. लांबी निम्मी केली की लचकण्याआधीचा भार चौपट होतो. म्हणून मनोऱ्याचे पाय जाड करण्यापेक्षा त्यांना मधेच एक आडवी काडी बांधणं स्वस्त पडतं.

तिसरी, मनोरा मोडलाच नाही, कलंडला. काड्या, सांधे सगळं शाबूत, पण आडवा. इथं दोष पायाच्या रुंदीचा किंवा वरच्या जडपणाचा. पाया २० सेंटिमीटर रुंद आणि माथ्यावरच्या भारासकट गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरवर असेल तर मनोरा १८ अंशांच्या आसपास कलला की जातो. गुरुत्वमध्य २० सेंटिमीटरवर आणला तर तो २६ अंशांपर्यंत तग धरतो. पाटीवर मनोरा ठेवून पाटीची एक कड हळूहळू उचलायची आणि कोनमापकानं कोन वाचायचा. दोरीला नट बांधून केलेला ओळंबा मनोऱ्याच्या गुरुत्वमध्यातून सोडला तर तो पायाच्या बाहेर जाताक्षणी मनोरा पडतो, हे मुलांना उघड दिसतं.

प्रत्येक गटानं वहीत तीन ओळी लिहायच्या. किती भारावर गेला, आधी काय गेलं, पुढच्या वेळी काय बदलणार. आणि पुढची वेळ द्यायचीच. एकदाच बांधून घेतलास तर तो हस्तकलेचा तास झाला. दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदलायची परवानगी दे, नाहीतर कशामुळं सुधारणा झाली हे कुणालाच कळत नाही.

‘मॅडम, दुप्पट मोठा करू का?’ असं कुणी विचारलं तर नाही म्हणू नकोस, हिशेब मांडायला लाव. सगळी मापं दुप्पट केली तर काड्यांच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. ताकद चौपट, ओझं आठपट. गॅलिलिओनं १६३८ सालच्या ग्रंथात हेच मांडलं आहे. छोटी प्रतिकृती टिकली म्हणून मोठी टिकेल, असं गृहीत धरणाऱ्याला त्यात उत्तर आहे.

गावातले मनोरे बघायला ने

दुसरी खेप बांधण्याआधी अर्धा दिवस वर्गाबाहेर काढ.

हिंगोलीच्या रस्त्याला शेतातून हायटेन्शनचे टॉवर गेलेत, ते दुरून दाखव. जवळ नेऊ नकोस, हात लावू देऊ नकोस. ‘यात चौकोन शोधा,’ म्हण. कर्ण न घातलेला चौकोन फारसा सापडत नाही. मग खालच्या लांब पायांकडे बघायला सांग. पायाला मधे मधे बारीक तिरपे तुकडे जोडलेले असतात. काट्यावरचा प्रयोग झालेला असेल तर पोरंच सांगतील, पाय लचकू नये म्हणून त्याची लांबी तोडली आहे.

गावची पाण्याची टाकी बघा. सगळा भार माथ्यावर, खाली खांब, आणि खांबांना ठरावीक उंचीवर गोलाकार तुळयांनी एकमेकांशी बांधलेलं. त्या तुळया नसत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न टाक आणि उत्तर देऊ नकोस.

देवळापुढची दीपमाळ बघा. खाली रुंद, वर निमुळती, सगळी दगडाची. दगड दाबाला भक्कम आणि ताणाला कच्चा. म्हणून दगडी कामात पसरट पाया आणि जड बुंधा लागतो. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाच्या भिंतींची जाडी मुलांनी पाहिलेलीच असते, फक्त ती इतकी का, हे विचारलेलं नसतं. लोखंड ताणही झेलतं, म्हणून टॉवर बारीक काड्यांचा होऊ शकतो.

आणि कुणाच्या शेतात अजून माळा असेल तर तो चुकवू नकोस. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला चार मेढी रोवून वर फळ्या टाकायच्या, त्यावर उभं राहून गोफण फिरवायची. मेढी सरळ उभ्या नसतात, खाली बाहेरच्या बाजूला फाकवलेल्या असतात. सांध्याला खिळा नसतो, दोरीचा करकचून बांध असतो. गोफणीचा हिसका बसला की माळा किंचित हलतो, पण मोडत नाही, कारण दोरी थोडी देते. ज्या म्हाताऱ्या बाबांनी तो बांधला त्यांना शाळेत बोलाव. मेढ किती खोल पुरायची, कुठल्या लाकडाची घ्यायची, बांध कसा मारायचा हे त्यांच्या तोंडून आलं तर मुलांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पटतं.

शेवटची परीक्षा हादऱ्याची

आपल्या जिल्ह्यात हा भाग गाळून चालणार नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ तीव्रतेचा आणि पाठोपाठ ३.६ चा भूकंपाचा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आसपास पुन्हा ४.५. केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात, हे तिथली लेकरं तुला सांगतील. तुझ्या वर्गातल्या बहुतेकांनी भांडी वाजलेली ऐकली आहेत. तीव्रता एकनं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, एवढं त्यांना सांग.

हादऱ्याचं टेबल करायला दोन फळ्या आणि गोट्या पुरतात. खालची फळी बाकावर, तिच्यावर गोट्या, त्यांच्यावर दुसरी फळी. गोट्या घरंगळू नयेत म्हणून खालच्या फळीला कडेनं पट्ट्या ठोक. वरची फळी दोन्ही बाजूंनी रबरांनी खालच्या फळीला बांध. वर मनोरा चिकटव, फळी ओढ आणि सोड.

आधी मनोरा रिकामा हलव, मग माथ्यावर मातीचा गोळा ठेवून हलव. दुसऱ्या वेळी तो बहुतेक पडतो. इथं किल्लारीचा भूकंप सांग. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, लोक झोपेत होते, हजारो माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या आणि वर मातीच्या माळवदाचं जबर ओझं. भिंतीचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, माथा जड होता, आणि धक्का आडवा आला. आठवीच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापन आहे, पण तो धडा या फळीवर जितका कळतो तितका पाठ करून कळत नाही. सांगताना घाबरवू नकोस. ‘तुमच्या घराचा कुठला सांधा बांधायला हवा?’ इथं आणून सोड.

एक बुटका आणि एक उंच मनोरा मुद्दाम बांधून फळी वेगवेगळ्या लयीत हलव. एका लयीत बुटका मनोरा थरथरतो, दुसऱ्या लयीत उंच मनोरा डुलतो. प्रत्येक मनोऱ्याला आपली एक लय असते, धक्का त्या लयीत आला की हेलकावे वाढत जातात. हे दोऱ्याला टांगलेल्या नटावर दाखव. हात झपाझप डावी-उजवीकडे हलवला तर नट जवळजवळ जागेवर राहतो. हात सावकाश, नटाच्या लयीत हलवला तर तो मोठे झोके घेतो.

एवढं दाखवलंस की औंढ्याजवळच्या दुधाळ्याचं नाव घे. तिथं गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. अमेरिकेतल्या तशाच वेधशाळांत चाळीस-चाळीस किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांत, शेवटच्या टप्प्यात काचेच्या बारीक तंतूंना टांगलेले आहेत, जमिनीची थरथर आरशापर्यंत पोहोचू नये म्हणून. तुझ्या हातातल्या दोऱ्याच्या नटाची तीच करामत आहे. आपल्या तालुक्यात जगातले शास्त्रज्ञ येणार, तेव्हा ते काय करतात हे आपल्या लेकरांना आधीच माहीत असलेलं बरं.

वर्ग चालवताना

गट चौघांचा कर. पाचवा बसून राहतो. कामं वाटून दे आणि दर तासाला फिरव. नाहीतर पोरं बांधतात आणि पोरींच्या वाट्याला वहीत चित्र काढणं येतं. कापायची कात्री आणि भार ओतायचं नरसाळं पहिल्यांदा पोरींच्या हातात दे.

सामान सगळ्यांना मोजून सारखं दे. घरून आणलेली एकही काडी चालणार नाही, हा नियम फळ्यावर लिही. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा मनोरा वरचढ होऊ नये, एवढी काळजी शाळेत तरी घेतली पाहिजे.

तुझे हात मागे बांधून ठेव, हे सर्वांत अवघड. मनोरा कलतोय हे तुला दिसेल, एक काडी सरकवली की सावरेल हेही दिसेल. सरकवू नकोस. ‘कुठल्या बाजूला कलतोय?’ एवढंच विचार.

मुख्याध्यापक विचारतील, प्रदर्शनात काय मांडायचं. मोडलेला मनोरा मांड. शेजारी दुसऱ्या खेपेचा मनोरा, दोघांची वजनं, दोघांनी पेललेले भार आणि मुलांच्या त्या तीन ओळी. आलेल्या पाहुण्यांना समजावायला वर्गातलं सर्वांत गप्प पोर उभं कर. स्वतःच्या हातानं मोडलेल्या वस्तूबद्दल ते बरोबर बोलतं.

तर पोरी, या विज्ञान दिनाला थर्माकोल आणू नकोस. सात-आठ शेतकऱ्यांकडून एकेक पेंढी कडबा माग, आपल्या भागात त्याला कुणी नाही म्हणत नाही. पहिल्या खेपेचे आकडे मला पाठव, दुसऱ्या खेपेचेही पाठव, आणि दोन्हींत फरक पडला नसेल तर तिसरी खेप घे.

तुझा काका